ओळ मावत नाही तेव्हा

‘ओव्हरफुल एचबॉक्स, १२.४ पॉइंट टू वाइड, ओळी २१४ ते २१९.’ लाटेक या पुस्तकं जुळवायच्या संगणकप्रणालीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं हे वाक्य. कुठली तरी ओळ समासात घुसली आहे, ती इतकी इतकी घुसली आहे आणि मूळ मजकुरात ती अमुक ठिकाणी सापडेल, एवढं एका दमात सांगून यंत्र पुढच्या परिच्छेदाकडे वळतं. ज्यांना उद्या सकाळी प्रबंध बांधणीला टाकायचा असतो ते अशा तक्रारी जिच्यात साठतात ती नोंदवही, म्हणजे लॉग फाइल, उघडतच नाहीत. पीडीएफ निघाली ना, मग झालं.

मला हे वाक्य मनापासून आवडतं. पुण्यातल्या छोट्या प्रकाशकांची शास्त्रीय पुस्तकं आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध मी जुळवून देते, आणि त्यासाठी लाटेक सोडून दुसरं काही वापरावंसं मला कधी वाटलेलं नाही. त्याचं मोठं कारण म्हणजे हे वाक्य. एरवी वापरल्या जाणाऱ्या साधनांत ओळ मावेना झाली की शब्दांमधल्या जागा गुपचूप ताणल्या जातात, आणि पानाच्या मधोमध पांढरे ओहोळ वाहू लागतात. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. लाटेक मात्र स्पष्ट सांगतं की ही ओळ मला नीट बसवता आलेली नाही, आता तू बघ.

ही सवय त्याला संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्याकडून आली. १९७७ साली त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पहिली आवृत्ती खिळ्यांच्या जमान्यातली, देखणी. तोवर प्रकाशकाकडे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्रानं जुळणी करणारं फोटोटाइपसेटिंग आलं होतं, आणि त्यावर काढलेली प्रुफं क्नूथ यांना बघवेनात. गणिताची पुस्तकं अशी निघणार असतील तर आपणच काहीतरी केलं पाहिजे, असं ठरवून त्यांनी हातातलं लेखन बाजूला ठेवलं आणि टेक नावाची प्रणाली लिहायला घेतली. लवकर आटोपेल असं वाटलेल्या त्या कामाला दहा वर्षांच्या आसपास लागली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लाटेक उभं केलं. लेखकानं फक्त ‘हे प्रकरण, हा तक्ता, ही तळटीप’ एवढंच सांगावं आणि ते दिसायचं कसं हे साच्यावर सोडावं, ही लॅम्पोर्ट यांची कल्पना. टेकची आवृत्ती दर दुरुस्तीला पाय (π) या गणिती संख्येच्या किमतीच्या एकेक अंक जवळ सरकते, आणि चूक दाखवणाऱ्याला क्नूथ सुरुवातीला २.५६ डॉलरचा धनादेश द्यायचे. इतक्या काळजीनं केलेली वस्तू तक्रार करते तेव्हा ती ऐकून घ्यावी, असं मला वाटतं.

तर ओळ मावत नाही म्हणजे नेमकं काय होतं? क्नूथ आणि मायकल प्लास यांनी १९८१ मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात टेक एकेक ओळ भरत पुढं जात नाही. ते आख्खा परिच्छेद समोर घेतं, तो कुठं कुठं तोडता येईल ते सगळे पर्याय पाहतं, आणि प्रत्येक ओळीच्या वाईटपणाला गुण देतं. शब्दांमधली जागा तिला दिलेल्या मुभेएवढीच ताणली तर १०० गुण, दुप्पट ताणली तर एकदम ८००. ताणाच्या घनाच्या हिशेबानं हे गुण वाढत जातात आणि १०००० ला थांबतात. लाटेकची सहनशक्ती, म्हणजे किती गुणांपर्यंतची ओळ ते चालवून घेतं ती मर्यादा, मुळात २०० ठेवलेली असते. आधी शब्द न तोडता परिच्छेद जमतो का हे ते बघतं. नाहीच जमलं तर शब्द तोडून बघतं. तरीही जमलं नाही तर ओळ समासात जाऊ देतं आणि वर लिहिलेलं वाक्य नोंदवून ठेवतं.

यावर सगळ्यात सोपा म्हणून जो उपाय एकमेकांना सांगितला जातो तो ‘स्लॉपी’ ही आज्ञा. तिनं सहनशक्ती २०० वरून ९९९९ वर जाते. तक्रारी बंद होतात खऱ्या, पण ज्या ओहोळांपासून पळून आपण इथं आलो तेच परत येतात. दुसरा उपाय म्हणजे त्या ठिकाणी हातानं ओळ तोडणं. आज ती ओळ जमते. उद्या लेखक वरच्या वाक्यात एक शब्द वाढवतो आणि ती तोडलेली ओळ अर्ध्यातच थांबून दात विचकते. मी स्वतः सहनशक्ती थोडी वाढवते, आणीबाणीचा ताण म्हणून एखाद-दोन एम (एक एम म्हणजे साधारण फॉन्टच्या आकाराएवढं माप) एवढी जास्तीची मुभा ठेवते, आणि त्यानंतरही ज्या ओळी उरतात त्या लेखकाकडे पाठवते. वाक्यातले शब्द मागे-पुढे केले की बहुतेक ओळी बसतात, आणि गंमत म्हणजे वाक्यही सुधारतं, कारण जी ओळ मावत नाही तिच्यात पुष्कळदा एखादा अवजड शब्द ठाण मांडून बसलेला असतो.

इथून मराठीची गोष्ट सुरू होते. आपल्याकडे अवजड शब्द फार. ‘विद्यापीठांमधल्या’, ‘अंमलबजावणीसंदर्भातल्या’, ‘कर्मचाऱ्यांसाठीसुद्धा’. इंग्रजीत जे चार सुटे शब्द असते ते आपण प्रत्यय जोडजोडून एकच करतो. इंग्रजीच्या ओळीत जागा ताणायला जितक्या फटी मिळतात तितक्या मराठीच्या ओळीत मिळत नाहीत. म्हणून मराठी मजकूर शब्द न तोडता नीट बसणं अवघड, दोन स्तंभांच्या पानावर तर जवळपास अशक्य.

शब्द कुठं तोडायचा याचे नियम टेकला आकृतिबंधांच्या रूपात द्यावे लागतात. फ्रँक लियांग यांनी १९८३ च्या आपल्या प्रबंधात ही युक्ती मांडली. अक्षरांच्या छोट्या तुकड्यांमध्ये आकडे पेरायचे. विषम आकडा म्हणजे इथं तोडायला परवानगी, सम आकडा म्हणजे मनाई, आणि दोन तुकडे एकाच जागेवर हक्क सांगू लागले तर मोठा आकडा जिंकणार. इंग्रजीसाठी त्यांनी असे ४४४७ तुकडे काढले होते. मराठीचे आकृतिबंध आज लाटेकसोबतच येतात आणि ते फार थोडक्यात आहेत, कारण आपली लिपी अक्षराअक्षराची. जोडाक्षर फोडायचं नाही, अनुस्वार-विसर्ग आधीच्या अक्षरापासून सोडवायचा नाही, बाकी कुठंही तोडा.

हे ‘बाकी कुठंही’ मला बोचतं. ‘महाराष्ट्र’ हा शब्द ‘महारा-’ असा तुटून पुढच्या ओळीवर ‘ष्ट्र’ उतरतो तेव्हा एकही नियम मोडलेला नसतो, आणि तरी कुठल्याही मराठी वाचकाचा डोळा तिथं अडखळतो. ‘महा-राष्ट्र’ तुटलं तर अडखळत नाही. ‘मुलां-साठी’ चालतं, ‘मुलांसा-ठी’ चालत नाही. सामासिक शब्दाचे दोन भाग जिथं जुळले तिथं किंवा प्रत्यय जिथं लागला तिथं शब्द तोडावा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. वाचता वाचता ते अंगात मुरतं. यंत्राच्या अंगात ते आपोआप मुरत नाही.

सगळीकडे सांगितला जाणारा इलाज म्हणजे अपवादांची यादी. मजकुराच्या आधी लिहून ठेवायचं की हा शब्द इथंच तोड. इंग्रजीला हा इलाज पुरतो. मराठीत ‘महाराष्ट्र’ यादीत घातला तरी ‘महाराष्ट्रात’, ‘महाराष्ट्राचा’, ‘महाराष्ट्रातल्या’, ‘महाराष्ट्राबाहेरच्यांना’ हे सगळे बाहेरच राहतात, कारण यादीतला शब्द जसाच्या तसा जुळावा लागतो. विभक्ती असलेल्या भाषेत यादी कधी पुरी होत नाही. त्यापेक्षा लियांग यांचीच रीत धरावी. ‘महारा’ आणि ‘ष्ट्र’ यांच्यामध्ये २ घालून नवा तुकडा द्यावा. मूळ आकृतिबंधात तिथं १ असतो, आपला २ त्याच्यावर जातो, आणि त्या शब्दाची झाडून सगळी रूपं एका फटक्यात सुधारतात. मात्र त्यासाठी लुआटेक हवं. लुआटेक आणि झीटेक ही टेकची युनिकोड जाणणारी नवी रूपं. झीटेकमध्ये आकृतिबंध आधीच भाजून ठेवलेले असतात, मजकूर जुळवताना त्यांत भर घालता येत नाही. माझी बरीचशी कामं मी झीटेकवरून लुआटेकवर आणली ती मुख्यतः याच सोयीसाठी.

शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटाला किमान किती अक्षरं राहावीत हेही सांगता येतं. ओळीच्या शेवटी एकटा ‘अ-’ लटकलेला कुणाला हवा असतो? पण इथं एक मेख आहे. टेक अक्षरं मोजत नाही, युनिकोडची, म्हणजे संगणकावर लिपी साठवायच्या संकेतातली, चिन्हं मोजतं. ‘क्षि’ हे आपल्या लेखी एक अक्षर. टेकच्या लेखी क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं. म्हणजे ‘किमान दोन’ असं सांगितलं की आपल्याला दोन अक्षरं वाटतात आणि प्रत्यक्षात ‘का-’ एवढाच तुकडा मागे उरतो, क आणि काना मिळून दोन झाले. मी हा आकडा चारवर ठेवते. कधी एखादी तोडायची चांगली जागा हातची जाते, पण लटकलेल्या अक्षरांपेक्षा ते बरं.

याच संदर्भात विसर्गाबद्दल सांगायला हवं. ‘अंतःकरण’, ‘दुःख’, ‘निःशब्द’ हे शब्द टाइप करताना खूप जण विसर्गाच्या जागी कोलन दाबतात. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून प्रूफ वाचणाऱ्यालाही ते कळत नाही. टेकला मात्र कोलन हे अक्षर नव्हे, विरामचिन्ह. ‘अंत’ इथं शब्द संपला असं ते धरून चालतं. मग नेमका तोच लांबलचक शब्द समासात घुसतो आणि आपण फॉन्टला, रुंदीला, सगळ्यांना दोष देत बसतो. पानावर जे बिघडलेलं दिसतं त्याचं मूळ पुष्कळदा टंकलेखनात असतं.

टंकलेखनानंतर दुसरी जागा म्हणजे फॉन्टची ओळख. कुणीतरी उत्साहानं मराठी मजकूर लाटेकमध्ये टाकतं आणि पान कोरं निघतं. चूक म्हणून काही दिसत नाही. खरं तर मूळच्या लॅटिन फॉन्टमध्ये देवनागरी नसते आणि ‘मिसिंग कॅरेक्टर’ अशी नोंद नोंदवहीत कुठंतरी पडलेली असते. ‘ट्रेसिंग-लॉस्ट-कॅरेक्टर्स’चा आकडा ३ केला की हरवलेलं प्रत्येक अक्षर थेट चूक म्हणून समोर येतं. कुठलाही मराठी मजकूर हाती घेतला की मी हे आधी करते. फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांगायची. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या भलत्या बाजूला जाऊन बसते. लुआटेकमध्ये अक्षरांची जोडणी करणारं हार्फबझ वापरायलाही सांगावं लागतं. भाषा सांगितली नाही तर मजकूर वाचता येतो, पण ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात त्यांत ल आणि श हिंदीच्या वळणाचे येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली रूपं. राज्य शासनानं २००९ साली प्रमाण लिपीचा निर्णय काढला तेव्हा तीच धरली. मराठी पुस्तकात ती दिसली पाहिजेत याबाबत मी हट्टी आहे.

तिरप्या ठशाबद्दल थोडक्यात. देवनागरीला तिरपा ठसा परंपरेनं नाही. आयआयटी मुंबईनं काढलेल्या शोभिका या देखण्या फॉन्टमध्ये साधा आणि ठळक एवढेच दोन ठसे आहेत. मग ‘जोर द्या’ या आज्ञेवर लाटेक तिरपा ठसा शोधतं, तो मिळत नाही, आणि जोर विरून जातो. कृत्रिमरीत्या अक्षरं तिरपी करायची सोय असते, पण तसं केलं की आडव्या शिरोरेघेखाली दांडे कलंडलेले दिसतात. त्यापेक्षा त्या आज्ञेचा अर्थच एकदा बदलून टाकावा, जोर म्हणजे ठळक. मजकुरात कुठंही हात लावावा लागत नाही.

ओळींमधल्या अंतराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मराठी पान बिघडतं ते सर्वात जास्त इथंच. लाटेकच्या ठरलेल्या साच्यात १२ पॉइंटच्या अक्षराला १४.५ पॉइंटची ओळ मिळते. हा हिशेब रोमन अक्षरांचा. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, वेलांटी, अनुस्वार चढतात आणि पायाशी उकार, ऋकार, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं लोंबतात. एवढ्या जागेत ती मावत नाहीत. अशा वेळी टेक दोन ओळी एकमेकींपासून दूर सारतं. परिणामी पानावर काही ओळी जवळ, काही लांब, असं दिसू लागतं आणि कारण उमगत नाही.

ते कारण समजून घेण्यासारखं आहे. टेक वरच्या ओळीतलं सगळ्यात खोल अक्षर आणि खालच्या ओळीतलं सगळ्यात उंच अक्षर एवढीच दोन मापं घेतं. ती दोन अक्षरं प्रत्यक्षात एकमेकांच्या वर-खाली आहेत का, हे ते तपासत नाही. वरच्या ओळीच्या सुरुवातीला ‘राष्ट्रकूट’ असेल आणि खालच्या ओळीच्या शेवटाला ‘मूर्तीं’ असेल, मध्ये अख्ख्या पानाची रुंदी असेल, तरी टेकच्या हिशेबी ती आता एकमेकांना धडकणार. म्हणून ते मध्ये फट पाडतं. उपाय दोन. पहिला, आणि नव्वद टक्के वेळा पुरेसा, म्हणजे ओळीला मुळातच ऐसपैस जागा देणं. १२ च्या अक्षराला मी १८ च्या आसपास देते आणि फॉन्ट बघून थोडं कमी-जास्त करते. दुसरा उपाय म्हणजे धडकेची मर्यादा शून्याच्या थोडी खाली नेणं, म्हणजे ‘जरा जवळ आली तरी घाबरू नकोस’ असं सांगणं. पण हे केलं तर मग प्रत्येक पान डोळ्यांनी तपासायची तयारी हवी.

ऐसपैस ओळीमुळे पानं वाढतात, कागदाचा खर्च वाढतो, आणि प्रकाशक कुरकुरतात. त्यांची अडचण मला कळते. पण दाटीवाटीनं बसलेलं मराठी पान वाचवत नाही. पानं कमी करायचीच असतील तर समास कमी करावा, ओळींना हात लावू नये.

या सगळ्यात मला सर्वाधिक शिकवलं ते नानांनी. नाना उमेदीच्या काळात शनिवारातल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. नंतर मुद्रितशोधनाकडे वळले आणि आता माझ्याकडची प्रुफं वाचतात. एका विज्ञानाच्या पुस्तकाचं प्रूफ वाचताना प्रस्तावनेच्या पानांवर लाटेकनं टाकलेले रोमन आकडे त्यांनी तांबड्या पेनानं गोल केले.

“हे काय गं? प्रस्तावनेला अक्षरात टाक. एक, दोन, तीन.”

“नाना, तुम्ही म्हणाल तर मराठी आकडे टाकते. लाटेकला अक्षरातले येत नाहीत.”

“आकडे पुस्तकाचे. प्रस्तावना शेवटी छापली जाते. लेखकानं ऐनवेळी ऋणनिर्देशाची दोन पानं वाढवली तरी पुस्तकाचं पान हलायला नको, म्हणून ते वेगळं. आणि वेगळं आहे हे वाचणाऱ्याला दिसायला हवं की नको?”

जुनी मराठी पुस्तकं काढून पाहिली तर नानांचं खरं. प्रस्तावनेची पानं ‘पाच’, ‘सहा’, ‘सात’ अशी अक्षरात. लाटेकमध्ये पानक्रमांकाचं नवं रूप बनवता येतं. अडचण आहे ती मराठीच्या अंकनामांची. इंग्रजीत वीसच्या पुढं एका नियमानं शब्द तयार होतात. आपल्याकडे पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. नियमातून ते काढता येत नाहीत, एकेक करून लिहावे लागतात. म्हणून मी एकपासून नव्याण्णवपर्यंतचा तक्ता लिहिला. आकडा आत जातो, शब्द बाहेर येतो.

पण गोष्ट तिथं संपली नाही. पुढच्या वेळी जुळवलं तर अनुक्रमणिकेत ओळी समासात घुसू लागल्या. मथळे तर आखूड होते! घुसत होते ते पानक्रमांक. लाटेकनं अनुक्रमणिकेत पानक्रमांकासाठी १.५५ एम एवढीच जागा राखून ठेवलेली असते, तीन आकडी संख्येला बेताची. ‘अठ्ठावीस’ तिच्यात मावणार कसा? ती जागा वाढवली आणि तिच्या बेतानं मथळ्यांचा उजवा समासही वाढवला, की ओळी सरळ झाल्या. नानांनी ते पान हातात धरून दूरवर नेलं, जवळ आणलं, आणि कोपऱ्यात बरोबरची खूण केली.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हापासून आणि त्याही आधीपासून मराठी पान कसं दिसावं याची एक रीत मुंबई-पुण्यातल्या छापखान्यांत घडत गेली. ती रीत जुळाऱ्यांच्या हातात होती. एकानं दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून ती उचलली. खिळे गेले, डीटीपी आलं, आणि ते हात निवृत्त झाले. रोमन पानाची रीत क्नूथ यांनी जुनी पुस्तकं भिंगाखाली घालून अभ्यासली आणि आकड्यांत मांडली, म्हणून ती टिकली. आपल्या पानाची तशी मांडून ठेवायचं काम आता आपल्याकडे आहे. म्हणून एखादी अडचण हातानं रेटून सोडवली की मला ते काम अर्धवट वाटतं. तिचा नियम होऊन फाइलीत उतरला तर तो पुढच्या पुस्तकाला मिळतो, दुसऱ्या कुणालाही मिळतो.

काही नियम आपल्या व्याकरणामुळे निराळेच करावे लागतात. लाटेकमध्ये उल्लेख आपोआप भरायची सोय आहे, म्हणजे आकृतीला नाव द्यायचं आणि मजकुरात ते नाव सांगितलं की क्रमांक येतो. काही पॅकेजेस क्रमांकाच्या आधी ‘आकृती’, ‘तक्ता’ हे शब्दही स्वतः घालतात. मराठीत ही सोय नडते. ‘तक्ता ३.२ मध्ये’ हे ओढूनताणून चालेल, पण मराठी माणूस लिहितो ‘तक्त्यात’, ‘प्रकरणाच्या शेवटी’, ‘आकृत्यांवरून’. सामान्यरूप यंत्राला येत नाही. म्हणून शब्द लेखकानं लिहावा आणि यंत्राकडून फक्त आकडा घ्यावा.

आकृत्या जागेवर थांबत नाहीत ही तक्रार तर प्रत्येक प्रबंधात ठरलेली. पानाच्या वरच्या भागात ७० टक्क्यांपर्यंतच आकृत्या, पानावर किमान २० टक्के मजकूर, असे हिशेब लाटेक पाळतं. शिवाय आकृत्यांचा क्रम ते मोडत नाही. एखादी मोठी आकृती अडली की तिच्या मागच्या सगळ्या तिष्ठत राहतात आणि प्रकरणाच्या शेवटी एकदम बाहेर पडतात. अशा वेळी शेवटी साचलेल्या आकृत्यांशी झटापट करू नये. सगळ्यात आधी कुठली अडली ती शोधून तिची उंची कमी करावी. आणि लेखकानं ‘खालील आकृतीत’ असं लिहूच नये, क्रमांकानं बोलावं.

शेवटी येते ती सूची, जिच्याकडे आपल्याकडे कुणीच बघत नाही. पुष्कळ मराठी शास्त्रीय पुस्तकांना ती नसतेच, आणि ज्यांना असते त्यांतल्या कितीतरी सूच्या चुकीच्या क्रमानं लागलेल्या असतात. सूची लावणारं जुनं साधन मेकइंडेक्स चिन्हांच्या क्रमांकानं शब्द लावतं. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आणि क्ष म्हणजे क ची बाराखडी पार करून येणारं एक जोडाक्षर. आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. ‘क्षेत्रफळ’ शोधणारा वाचक सूचीच्या शेवटी जातो, तिथं काही नसतं, आणि हा शब्द पुस्तकात नाही असं समजून तो पुस्तक मिटतो. अपमेंडेक्स हे नवं साधन भाषेप्रमाणे क्रम लावू शकतं, त्याला मराठी सांगितलं की ळ, क्ष, ज्ञ आपापल्या जागी येतात.

तरीही एका पुस्तकाच्या सूचीत ‘ऱ्हास’ हा शब्द दोनदा आला. दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या, एकीपुढं काही पानं, दुसरीपुढं उरलेली. लेखक आणि सहलेखक यांनी वेगवेगळ्या कळफलकांवर टाइप केलं होतं. एकाच्या मजकुरात ऱ हे स्वतंत्र चिन्ह होतं आणि त्याचा पाय मोडलेला. दुसऱ्याच्या मजकुरात साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्हींचा ऱ्हास एकच, यंत्राला ते दोन निराळे शब्द. अर्धा ऱ हे आपलं खास अक्षर, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक त्याच्याच जिवावर उभा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात तर तो ठिकठिकाणी रफार होऊन बसलेला सापडतो, आणि स्वयंपाकघरात आचार्य वावरू लागतात.

रफार झालेला ऱ माणसानंच वाचून ओळखावा लागतो, तिथं नानांचा तांबडा पेन. पण दोन प्रकारे लिहिलेला ऱ एका प्रकारचा करणं, कोलनचा विसर्ग करणं, शब्दांत उगाच शिरलेली अदृश्य चिन्हं काढणं, एवढं एका छोट्या आज्ञावलीत बसतं. लेखकाकडून मजकूर आला की मी ती चालवते, तिनं काय काय बदललं त्याची यादी लेखकाला दाखवते, आणि त्यांचा होकार आला की मगच फॉन्ट, समास आणि ओळींकडे वळते.